पीएएस (पिरिऑडिक अॅसिड-शिफ) स्टेन: किडनीच्या सेक्शनमध्ये बेसमेंट मेंब्रेन नीट दिसावी म्हणून

एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, नेहमीचा स्टेन) स्लाइडवर बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे पेशींच्या थराखालचा पातळ पडदा, शोधत बसू नका. ती इओसिनने गुलाबी होते, शेजारचा सायटोप्लाझमही गुलाबीच, त्यामुळे कड सापडत नाही. ही मेंब्रेन म्हणजे चौथ्या प्रकारच्या कोलॅजनची आणि लॅमिनिनची अशा दोन जाळ्या, त्यांना सांधणारं निडोजेन आणि हेपॅरान सल्फेटवाले प्रोटिओग्लायकन. यातल्या ग्लायकोप्रोटीनना चिकटलेल्या शर्करांवरच पीएएस चालतो. पिरिऑडिक अॅसिड शर्करेतल्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांचं अल्डिहाइड करतं आणि शिफ रिएजंट त्या अल्डिहाइडला धरून किरमिजी रंग देतं.

खरी मेख मात्र मायक्रोटोमवर, म्हणजे सेक्शन कापायच्या यंत्रावर, आहे. मोठ्या माणसात ग्लोमेरुलसची (किडनीतल्या गाळणाऱ्या केशिकांच्या गुच्छाची) मेंब्रेन साधारण 300 ते 350 नॅनोमीटर जाड असते, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपच्या आवाक्यात जेमतेम. सेक्शन 2 ते 3 मायक्रॉनचाच हवा. नेहमीच्या सवयीने 5 मायक्रॉनचा कापलात तर केशिकांच्या भिंती एकमेकींवर चढतात आणि निरोगी किडनीतही मेंब्रेन जाड झाल्यासारखी वाटते. मग स्टेन कितीही सुबक करा, उपयोग शून्य.

ऊतक 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये फिक्स केलेलं असावं. ग्लुटाराल्डिहाइड नको; त्याचे मोकळे अल्डिहाइड शिफला धरतात आणि अख्खं सेक्शन गुलाबी होतं.

झायलीन आणि उतरत्या अल्कोहोलमधून स्लाइड पाण्यात आणा. 1 टक्का पिरिऑडिक अॅसिडमध्ये (100 मिली डिस्टिल्ड वॉटरला 1 ग्रॅम) 10 मिनिटं ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट धुवा, कारण उरलेलं अॅसिड शिफच्या बरणीत गेलं की रिएजंट बिघडतं. मग शिफमध्ये 15 ते 20 मिनिटं. बाहेर काढल्यावर सेक्शन फिकट गुलाबी दिसेल. घाबरून पुन्हा बुडवू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली 10 मिनिटांत रंग चढतो. त्यानंतर मेयरचं हिमॅटॉक्सिलिन 1 ते 2 मिनिटं, नळाच्या पाण्यात निळं करणं, चढतं अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं माध्यम). हिमॅटॉक्सिलिनचा हात हलकाच ठेवा, नाहीतर निळ्या छटेत बारीक रेष बुडते.

शिफ फ्रिजमध्ये, अंधाऱ्या बाटलीत ठेवतात; वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शंका असेल तर 10 मिली तीव्र फॉर्मालिनमध्ये थोडे थेंब टाका. झटकन लालसर-जांभळा रंग आला तर माल चांगला. रंग सावकाश आणि निळसर आला तर बाटली टाकून द्या. मुळात बाटलीतलं द्रावणच गुलाबी झालं असेल तर चाचणीचीही गरज नाही.

कंट्रोल, म्हणजे स्टेन नीट लागला का हे पडताळायची जागा, वेगळा शोधावा लागत नाही. नलिकांभोवतीची मेंब्रेन, बोमन कॅप्सूल (ग्लोमेरुलसभोवतीचं आवरण) आणि प्रॉक्सिमल नलिकांची ब्रश बॉर्डर (पेशींच्या आतल्या कडेची बारीक झालर), तिन्ही किरमिजी यायला हव्यात. त्या फिक्या असतील तर ग्लोमेरुलसबद्दल काही बोलू नका. ग्लायकोजेनही याच रंगात येतं. गोंधळ होत असेल तर दुसऱ्या सेक्शनवर आधी डायास्टेस (ग्लायकोजेन पचवणारं एन्झाइम) द्या. ग्लायकोजेन जातं, मेंब्रेन राहते.

वाचताना केशिकेचा आडवा, गोल छेद निवडा. तिरका छेद गेला की भिंत फसवी जाड दिसते. मधुमेहात मेंब्रेन खरोखर जाडावते, पण तेव्हा सोबत मेसँजियमही (केशिकांमधला आधाराचा भाग) वाढलेलं दिसतं का ते पाहा. मेंब्रेनस नेफ्रोपथी या आजारात मेंब्रेनवर दिसणारे काटे पीएएसवर सहसा निसटतात, त्यांना जोन्स सिल्व्हर स्टेनच हवा.

मेंब्रेन पातळ आहे का, किंवा अल्पोर्ट या आनुवंशिक आजारातल्यासारखी पदर सुटलेली आहे का, हे या स्टेनवर ठरत नाही. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. म्हणून बायोप्सी घेतानाच कॉर्टेक्सचा 1 मिमीचा तुकडा वेगळा काढून ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवा. पॅराफिनमधून परत काढलेलं ऊतकही चालतं, पण त्यात मेंब्रेन आक्रसते आणि मोजलेली जाडी भरवशाची राहत नाही.