संकलित दोन संपली, आता वर्गात काय? या चुका टाळा

प्राथमिक शाळेत वर्ष दोनदा संपतं. मुलांचं संपतं संकलित मूल्यमापन दोनचा, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचा, शेवटचा पेपर दिला की, आणि बाई-गुरुजींचं संपतं 1 मे रोजी झेंडावंदनानंतर निकाल वाटून झाला की. बहुतेक चुका होतात त्या मधल्या दिवसांत. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, मोबाईलवर 'माहिती आजच भरा'चे निरोप, आणि पुढ्यात तीसेक मुलं, ज्यांना "गप्प बसा, चित्रं काढा" एवढंच सांगितलेलं. 2025 साली राज्यभर एकच वेळापत्रक आलं, परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या आणि हे मधले दिवस बोटांवर मोजण्याइतके उरले. म्हणून जे मार्चमध्ये होऊ शकतं, ते मार्चमध्येच उरकलेलं बरं.

तयार नोंदी उतरवून काढणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून रूढ केली आहे. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 70 टक्के, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. म्हणजे लहान वर्गांत वजन आहे ते वर्षभर डोळ्यांनी पाहिलेल्याला. आणि आपण काय करतो? शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारी, प्रगतिपत्रकात लिहायच्या नोंदींची तयार पीडीएफ उघडतो आणि 'अभ्यासात प्रगती समाधानकारक' असं ओळीने लिहीत सुटतो. आवड-छंदाच्या रकान्यात अर्ध्या वर्गाला 'चित्र काढणे', उरलेल्यांना 'खेळणे'. प्रगतिपत्रक हातात घेऊन शेजारीपाजारी दाखवणाऱ्या आयांना दोन घरांत एकच वाक्य सापडतं, तेव्हा त्या काही बोलत नाहीत. पण त्यांना कळतं.

नोंद अशी हवी की नाव झाकलं तरी मूल ओळखू यावं. 'वाचनात सुधारणा आवश्यक' यातून पुढच्या वर्गाच्या बाईंना काहीच हाती लागत नाही. 'जोडाक्षर आलं की थांबते, मात्र ऐकलेली गोष्ट क्रम न चुकवता सांगते' यातून लागतं. 'गणित कच्चे' असं लिहिण्याऐवजी '302 – 178 सारख्या वजाबाकीत मधलं शून्य आलं की गोंधळतो' असं लिहिलं, तर जूनमध्ये कुठून सुरुवात करायची ते ठरलंच.

वर्षभर काही टिपून ठेवलंच नसेल तर? मुलाची वर्गपाठाची वही घ्या, जूनचं पान आणि मार्चचं पान शेजारी धरा. अक्षर, ओळीची लांबी, खाडाखोड, सगळं तिथे दिसतं. मग मुलाला जवळ बोलावून एकच विचारा: शाळा सुरू झाली तेव्हा येत नव्हतं आणि आता येतं, असं काय? कुणी घड्याळ म्हणेल, कुणी पावकी, कुणी म्हणेल "आता मी शेजारच्याचा डबा नाही खात." लिहा तेही. रोज पाच-सहा मुलं घेतली तर आठवड्यात वर्ग होतो. एका बैठकीत सगळा वर्ग उरकायला बसलात की विसाव्या मुलापासून पुन्हा समाधानकारक सुरू होतं.

ऊसतोडीचा हंगाम संपवून आई-बापाबरोबर परतलेल्या मुलाकडे थोडं वेगळं पाहावं लागतं. ते मार्च-एप्रिलमध्ये वर्गात येतं आणि लगेच पेपरला बसतं. त्याच्या नोंदीत 'अनियमित' असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. जाताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) दिलं होतं का, तिकडच्या शाळेत ते दाखवलं गेलं का, हे विचारा. राहिलेलं नेमकं काय, ते लिहा.

रिकामे दिवस आणि रिकामे बाक

पेपर संपले की हजेरी घसरते. लग्नसराई, गावची जत्रा, मामाचं गाव ही कारणं खरी आहेतच, पण शाळेत काही चाललेलं नसतं हेही एक कारण आहे. यावर मला वर्गाच्या बातमीपत्राचा उपाय सगळ्यात आवडतो. दोन मोठे कार्डशीट, स्केचपेन, आणि विषय एकच: आपल्या वर्गात या वर्षी काय काय घडलं. परसबागेत किती वांगी आली, सहलीत कुणाला उलटी झाली, वर्गात साप निघाला तो दिवस. इथली नेहमीची चूक म्हणजे बाईंनी शुद्धलेखन तपासून, सुवाच्य अक्षराच्या दोन मुलींकडून सगळं लिहून घेणं. मग ते बातमीपत्र बाईंचं होतं. चुका राहू द्या, प्रत्येकाची निदान एक ओळ त्याच्या स्वतःच्या अक्षरात हवी. निकालाच्या दिवशी ते दारापाशी लावलं की पालक रांगेत उभे राहून वाचतात.

चौथीचा निरोप

दहावीच्या निरोप समारंभाची नक्कल इथे करू नये. पाठ केलेली भाषणं, पत्र्याच्या शेडखाली दुपारी बाराला पाहुण्यांचं मार्गदर्शन, घराघरांतून वर्गणी. मुलं घामाघूम होतात आणि भाषणाच्या मध्येच खाऊ कधी मिळणार म्हणून विचारतात; योग्यच विचारतात. सकाळची शाळा आहे, कार्यक्रम नवाच्या आत संपवा. चौथीच्या मुलांनी वर्षभर सांभाळलेली कामं तिसरीला हातोहात द्यावीत: घंटेचा टोल, वाचनपेटीची किल्ली, झाडांना पाणी घालायची पाळी. भाषणं लागत नाहीत.

पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढून बक्षिसं देण्याचा मोह पालकांकडून येतो. श्रेणी दिली आहे, क्रमांक काढायचा नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच सांगून टाका. आणि सगळ्या वर्गाच्या श्रेणींच्या तक्त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्याचा निकाल त्याच्या घरच्यांच्या हाती.

शाळेत पाचवीचा वर्ग असेल तर 'नापास' हा शब्द जपून वापरा. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, पण कमी पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा मिळते. हे पालकांना निकाल देतानाच सांगितलं नाही, तर मूल सुट्टीभर टोमणे खातं.

दाखला देण्याआधी

चौथी संपवून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, हे जनरल रजिस्टर (शाळेतल्या सगळ्या मुलांची मूळ नोंदवही) आणि आधार कार्ड शेजारी ठेवून पालकांसमोर मोठ्याने वाचा. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ आत्ता पाच मिनिटांत सापडतो. मूल शाळेतून गेल्यावर तीच दुरुस्ती करायला पालकांना मजुरी बुडवून हेलपाटे घालावे लागतात.

सुट्टीच्या अभ्यासाचं म्हणाल तर रोज दहा ओळी शुद्धलेखन देऊ नका. ते 14 जूनच्या रात्री थोरल्या बहिणीच्या अक्षरात पूर्ण होतं. त्यापेक्षा वाचनपेटीतली दोन पुस्तकं नाव लिहून घरी न्यायला द्या. एखादं फाटून येईल, एखादं येणारही नाही. तेवढं चालतं.