कस्टम इन-इअरची केबल सारखी जातेय? या चुका टाळा

ऑर्केस्ट्रा आणि लाइव्ह शोला मॉनिटर मिक्स करणं हे माझं काम, म्हणजे स्टेजवरच्या माणसांच्या कानात काय ऐकू येतंय ते सांभाळायचं. त्यासाठी बरेच जण कस्टम इन-इअर घालतात, म्हणजे ज्याच्या-त्याच्या कानाच्या मापाने बनवलेले इअरफोन. गणपती ते दिवाळी हा आमचा मुख्य सीझन, आणि दर सीझनला तीच तक्रार येते: "दादा, कस्टम एवढे महागाचे घेतले आणि केबल गेली." मग केबल हातात घेऊन बघितली की नव्वद टक्के वेळा ती गेलेली नसते, घालवलेली असते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कानाचं माप देऊन बनवलेला अ‍ॅक्रिलिकचा शेल, म्हणजे कानात बसणारा भाग, नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो, पण केबल ही वापरून संपणारी वस्तू आहे, गिटारच्या तारांसारखी. म्हणून तर ती काढता-घालता येईल अशी बनवतात. तिच्यातल्या तारा केसाएवढ्या बारीक असतात, तिला घाम लागतो, तेल लागतं, ती मानेबरोबर सतत हलते. ती कधीतरी जाणारच. प्रश्न एवढाच की ती दोन-तीन वर्षांनी जाते का दोन-तीन महिन्यांत, आणि ते तुमच्या हातात आहे.

बिघाड न शोधताच निदान करणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आहे म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

गणपतीतला शो, बाहेर पाऊस, हॉल भरत आलेला. कीबोर्डवाला मुलगा म्हणतो राइट कान येतोय-जातोय. लगेच सगळे वायरलेसच्या मागे लागले, फ्रिक्वेन्सी बदलली, सेल बदलले, मग अख्खा पॅकच, म्हणजे कमरेला लावायचा वायरलेस रिसीव्हर, बदलला, तोपर्यंत निवेदिका माइकजवळ येऊन उभी, आणि खरखर आहे तिथेच. मी त्याला म्हटलं मान सरळ ठेव, काही वाजवू नकोस, फक्त ऐक. मग प्लगजवळ केबल हलवली, काही नाही. छातीवर जिथे दोन वायरी वेगळ्या होतात तिथे हलवली, काही नाही. कानामागे कनेक्टरच्या जस्ट खाली दोन बोटांत धरून हलवली आणि तो दचकलाच, खर्र. दोन्ही बाजू काढून उलट्या लावल्या, म्हणजे राइटची वायर लेफ्टच्या शेलला आणि लेफ्टची राइटला, तर खरखर लेफ्ट कानात गेली. झालं, केबल. दोन मिनिटांचं काम होतं ज्याच्यासाठी सगळ्यांनी पाऊण तास घातला. स्पेअर आहे का विचारलं तर म्हणे आहे, पण घरी.

मग त्याने काय केलं? राइट काढून गळ्यात सोडला आणि एका कानावर शो वाजवला. हे फार वाईट आहे हो. चांगला बसलेला कस्टम बाहेरचा आवाज साधारण २०-२५ डेसिबलने अडवतो, एक कान उघडा टाकला की त्या कानात ड्रम आणि स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर थेट घुसतात, आणि त्यांच्यावर ऐकू यावं म्हणून माणूस दुसऱ्या कानाचा व्हॉल्यूम वाढवत जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास. केबल नवीन मिळते, कान मिळत नाही.

तर लक्षात ठेवा, स्टिरिओ वायरलेस पॅकमध्ये लेफ्ट आणि राइट एकाच सिग्नलवर स्वार होऊन येतात. रेडिओचा प्रॉब्लेम असेल तर सूं-सूं किंवा तुटणं दोन्ही कानांत येतं. एकाच कानात येत असेल तर आधी केबल, मग शेलचं सॉकेट, मग पॅकचा जॅक, आणि फ्रिक्वेन्सी सगळ्यात शेवटी.

उलटसुलट लावून बघायची टेस्ट करताना मिक्स मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज, नाहीतर कीबोर्ड एका बाजूला पॅन केलेला असतो आणि तुम्हाला वाटतं आवाजच कमी आहे. बिघाड वायरीबरोबर दुसऱ्या कानात गेला तर केबल खराब, नाहीतर पॅकचा जॅक. त्याच शेलमध्ये राहिला तर केबल निर्दोष आहे, नवीन मागवू नका. आणि शेलमध्येच राहिला, आवाज तुटत नाही पण दबलेला आहे, ट्रेबल गायब आहे, तर शेलमधल्या आवाजाच्या नळीत मळ आहे. कानाचा मळ. किती जणांनी मळासाठी नवीन केबल घेतली असेल देव जाणे. शेलचं तोंड खाली धरून छोट्या ब्रशने काढायचा, म्हणजे मळ बाहेर पडतो. सुई, टाचणी, सेफ्टी पिन आत घालायची नाही, आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, आहे.

केबल धरून इन-इअर काढणं

दुसरी माझी नावडती. गाणं संपलं, निवेदक बोलायला लागला, की कानामागची वायर धरायची आणि खेचायचं. कस्टम कानात घट्ट बसलेला असतो, घामाने आणखी चिकटतो, तो साध्या इअरफोनसारखा सुटून येत नाही. मग सगळी ओढ जाते कुठे? कनेक्टरच्या आत जिथे वायर पिनला सोल्डर केलेली आहे त्या जागेवर. ती जागा एवढीशी असते, बाहेरून प्लॅस्टिक ओतलेलं असल्यामुळे काही दिसत नाही, आत एकेक तार तुटत जाते. सगळ्या तुटेपर्यंत आवाज येतच असतो, म्हणून माणसाला वाटतं आपण ओढतो त्याने काही होत नाही, आणि मग एक दिवस ऐन शोमध्ये शेवटची तार जाते.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवीन आर्टिस्टला मी हे हातात धरून शिकवतो: शेल धरायचा, अंगठा आणि तर्जनीने, वायरीला हात लावायचाच नाही. कानाच्या वरच्या घडीत अडकलेला भाग आधी सोडवायचा, मग शेल थोडा वळवत सावकाश बाहेर. घाई असेल तरी असंच. घाई असेल तर जास्तच असंच.

गायिकांसाठी एक वेगळी सूचना. झुमके आणि वेल केबलमध्ये अडकतात, गजऱ्याची पिन कानामागच्या वायरीत घुसते आणि बाहेरचं कव्हर फाडते. आधी केस आणि गजरा, मग इन-इअर, मग सगळ्यात शेवटी कानातले, आणि उतरवताना बरोब्बर उलट क्रम. हेअर स्प्रे आणि अत्तर इन-इअर घालायच्या आधी मारून वाळू द्यायचं, त्यातल्या अल्कोहोलने केबलचं कव्हरही कडक होतं आणि शेलची चमकही जाते.

घाम पुसायचा कंटाळा

पारदर्शक केबल हिरवी पडली की लोक घाबरतात. ते तांब्याचं ऑक्सिडेशन आहे, नुसत्या हिरव्या रंगाने आवाज बिघडत नाही, केबल वापरत राहा. घाबरायचं ते केबल कडक झाली की. कानामागचा भाग घाम आणि त्वचेच्या तेलाने लोखंडी तारेसारखा ताठ होतो, मग तो वाकत नाही, मोडतो. मुंबई, कोकण, गोव्याकडचे आर्टिस्ट असाल तर हे लवकर होणार, तिथली हवाच तशी. शो संपल्यावर कोरड्या मऊ कपड्याने कानापासून प्लगपर्यंत एकदा पुसून काढा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. ओली केबल तशीच डब्यात कोंबून झाकण लावणारी माणसं मला कळत नाहीत.

कनेक्टरशी खेळणं

पुसायला म्हणून रोज केबल शेलपासून काढणारेही आहेत. नका काढू. केबल शेलला जोडणारे कनेक्टर मुख्यतः दोन, एमएमसीएक्स आणि टू-पिन. एमएमसीएक्स हा मुळात सर्किट बोर्डवरचा छोटा रेडिओ कनेक्टर, साधारण ५०० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशोबाने बनवलेला. रोज दोनदा काढला तर एका वर्षात तो हिशोब संपतो. त्यात तो गोल फिरतो आणि लोक बसल्याबसल्या तो फिरवत राहतात, त्यानेच आतली पकड ढिली होते आणि खरखर सुरू होते. काढायचाच असेल तर नख मध्ये घालून सरळ उचला. खरखर असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब, काडीवर घेऊन, थेट फवारा नाही. आणि कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर, दरवाज्याच्या बिजागरीला मारतो तो तेलकट स्प्रे नाही.

टू-पिनचं, म्हणजे दोन बारीक पिना असलेल्या कनेक्टरचं, वेगळं. तो फिरत नाही म्हणून स्टेजवर मला तोच आवडतो, पण तो सरळ आत आणि सरळ बाहेर, डावीकडे-उजवीकडे हलवत काढलात की पिन वाकते नाहीतर सॉकेट ढिलं होतं. सॉकेट शेलमध्ये आहे, म्हणजे ते गेलं की कस्टम बनवणाऱ्याकडे परत पाठवा आणि वाट बघत बसा.

यावरून आठवलं. एका ढोलकीवाल्याचा टू-पिन ढिला झाला होता, हलला की आवाज जायचा, तर कोणीतरी सल्ला दिला आणि त्याने फेव्हिक्विक सोडलं. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा शेलवर आतून-बाहेरून पांढरी धूळ बसल्यासारखी दिसत होती, ती त्या गोंदाची वाफ असते, वाळताना आजूबाजूच्या सगळ्यावर बसते. आवाज अर्ध्यावर. एक पिन गोंदात बुडून संपर्कच तुटलेला, केबल आता निघत नाही, आणि ज्याने बनवला त्याने सांगितलं पूर्ण शेल नव्याने करावा लागेल. केबल बदलून काम भागलं असतं तिथे अख्खा एक कान नवीन. ढिल्या कनेक्टरला गोंद, टेप, दोरा, च्युइंगम, काहीही लावू नका. आधी दुसरी केबल लावून बघा, ती घट्ट बसली तर पहिल्या केबलच्या पिना झिजल्यात. तीही ढिली बसली तर सॉकेट, आणि ते घरी करायचं काम नाही.

कुठलीही केबल मागवणं

टू-पिन म्हणजे सगळे टू-पिन सारखे नसतात. ०.७८ मिमी जाडीच्या पिनांचा सगळ्यात जास्त चालतो, पण ०.७५ पण आहे. जाड पिन बारीक सॉकेटमध्ये दाबून बसवली की सॉकेट रुंदावतं, मग त्यात जुनी केबलही बसत नाही. काही सॉकेट आत खोल असतात, काही सपाट, काही बाहेर आलेले. मागवण्याआधी आपल्या शेलचा फोटो आणि बनवणाऱ्याने दिलेला आकडा जुळवा, अंदाजाने नाही.

आणि पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा. नवीन केबल लावली आणि बेस गायब झाला, गाणारा डोक्याच्या मध्ये ऐकू यायच्या ऐवजी कुठेतरी पसरलेला वाटतो, तर केबल वाईट नाही, एका बाजूची पिन उलटी लागली आहे. ती काढून १८० अंशात फिरवून लावा. लाल खूण म्हणजे राइट, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी गडबड वाचते.

आठ पदरी चांदीच्या जाड वेणीच्या केबली स्टेजवर आणू नका. घरी बसून ऐकायला काय हवं ते घ्या, पण स्टेजवर ती जड केबल कान खाली ओढते, सील, म्हणजे कानातली घट्ट बसण, तुटतं, बेस जातो, आणि कनेक्टरवर सतत वजन राहतं. उलट टोकाला एकदम स्वस्त केबलचा रेझिस्टन्स जास्त असतो, आणि काही मल्टि-ड्रायव्हर कस्टमचा स्वतःचा रोध (इम्पिडन्स) दहा-पंधरा ओमच असतो, तिथे दोन-तीन ओम जास्त आले की आवाजाचा तोल बदलतो. मधली, हलकी, साधी काळी केबल घ्या.

बाकीचं पटापट

पॅकभोवती केबल गच्च गुंडाळू नका, प्लगच्या मुळाशी तीच घडी रोज पडते आणि तिथेच तुटते. चार बोटांवर सैल गुंडाळा.

केबल पाठीमागून, कुर्त्याच्या आतून न्या. गळ्यापाशी एवढी सैल सोडा की मान दोन्हीकडे पूर्ण वळली तरी ओढ बसणार नाही. तबला, हार्मोनियमवाले बसून वाजवतात, त्यांनी पॅक बाजूला लावा, पाठीला लावला तर मागे टेकलं की प्लग वाकतो.

एल आकाराचा प्लग घ्या. सरळ प्लगवर कोपर लागलं तर प्लग आणि जॅक दोन्ही जातात.

तुटलेली केबल घरी सोल्डर करायची हौस असेल तर करा, पण बऱ्याच केबलमधल्या तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळून काढल्याशिवाय सोल्डर पकडत नाही, वरून चिकटलेलं दिसतं आणि आत संपर्क नसतो. असला जोड रिहर्सलला वापरा, शोला नाही.

स्पेअर

स्पेअर केबल डब्यातच पाहिजे, घरी नाही, गाडीत नाही. आणि ती स्पेअर महिन्यातून एका रिहर्सलला कानात घालून पूर्ण वाजवा, नाहीतर ऐनवेळी कळतं की हिची पोलॅरिटी उलटी आहे किंवा लांबी पुरत नाही. साउंड चेकला कीबोर्डवाल्याच्या केबलसारखी तीन ठिकाणी हलवून बघा, प्लगपाशी, छातीवर, कानामागे. कुठेही खर्र झालं तर ती केबल त्या दिवशी स्टेजवर जात नाही, तिला गाठ मारा किंवा प्लगवर लाल टेप लावून वेगळ्या पिशवीत टाका, कारण खराब केबल तशीच बॅगेत परत गेली की पुढच्या शोला तीच स्पेअर म्हणून बाहेर निघते.