सर्व्हर हलवण्याआधी: पाथ, सिमलिंक आणि परमिशनची तयारी

गिरगावातील एका ग्रंथालयाच्या जुन्या अंकांचे स्कॅन ज्या सर्व्हरवर आहेत, तो बदलून नव्या यंत्रावर सारे न्यायचे आहे. पायथन, नोड आणि पीएचपी अशा तीन भाषांतील स्क्रिप्ट तिथे वर्षानुवर्षे एकत्र चालत आल्या आहेत. हलवाहलव शनिवारी रात्री सुरू होईल. पण तिचे यश त्याआधीच्या आठवड्यात केलेल्या तपासणीवर ठरेल, म्हणून ती तपासणी येथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

सर्वप्रथम प्रत्येक स्क्रिप्टमधील स्लॅशने सुरू न होणारे, म्हणजे सापेक्ष, पाथ (फाइलींचे पत्ते) शोधून काढावेत. असा पाथ स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे तिथून मोजला जात नाही. ती चालवणाऱ्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी (फोल्डर) जी असेल तिथून मोजला जातो. दादरला उतरलेल्या माणसाला ‘बाहेर पडून डावीकडे वळा’ एवढेच सांगितले, तर तो पूर्वेला बाहेर पडला की पश्चिमेला यावर तो कुठे पोहोचेल हे ठरते. तसेच हे आहे. टर्मिनलवर आपण ज्या डिरेक्टरीत उभे असतो ती चालू डिरेक्टरी, ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये त्या युजरची होम डिरेक्टरी, आणि पार्श्वभूमीत सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये वेगळे काही सांगितले नसेल तर थेट मूळ डिरेक्टरी (‘/’), अशा तीन ठिकाणांहून एकच ओळ तीन निरनिराळ्या फाइलींकडे बोट दाखवते. ‘हाताने चालवली की चालते, रात्री आपोआप चालत नाही’ ही तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच पाहतो.

नोडमध्ये विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे दुसरी फाइल कोडमध्ये आणणाऱ्या रिक्वायरला दिलेला टिंब-स्लॅशचा पाथ त्या फाइलच्या जागेपासून मोजला जातो, तर लगेच पुढच्या ओळीत फाइल वाचण्यासाठी दिलेला तसाच पाथ चालू डिरेक्टरीपासून मोजला जातो. पीएचपीची फाइल वेब सर्व्हरमार्फत चालते तेव्हा चालू डिरेक्टरी बहुधा त्या फाइलचीच असते, पण तीच फाइल कमांड लाइनवरून चालवली तर तसे होत नाही. उपाय तिन्ही भाषांत आहे: स्क्रिप्टने स्वतःच्या फाइलचा पाथ भाषेकडून विचारून घ्यावा आणि बाकी सगळे पाथ त्याला जोडून तयार करावेत.

जोडणीही तपासावी. पाथचे भाग जोडणाऱ्या पायथनच्या जॉइनला दुसरा भाग स्लॅशने सुरू होणारा दिला, तर तो पहिला भाग मुकाट्याने टाकून देतो. रस्ट या भाषेतही तसेच होते, तर गो ही भाषा आणि नोड यांचे जॉइन दोन्ही भाग एकापुढे एक ठेवतात. बाहेरून आलेले फाइलचे नाव जिथे जोडले जाते, तिथे हा फरक सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

यानंतर सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे किंवा डिरेक्टरीकडे नेणारी लिंक. जुन्या सर्व्हरवरील प्रत्येक सिमलिंकची, ती कुठे निर्देश करते यासह, यादी काढून ठेवावी. सापेक्ष सिमलिंक ही लिंक ज्या डिरेक्टरीत आहे तिथून मोजली जाते, चालू डिरेक्टरीपासून नव्हे. त्यामुळे लिंक स्वतः हलवली की तिचा अर्थ बदलतो. एक उदाहरण जवळून पाहू. आमच्याकडे ‘/सेवा/अंक’ ही लिंक असून ती ‘/डिस्क२/स्कॅन/अंक’ इथे नेते. आता ‘/सेवा/अंक/../सूची’ म्हणजे कोणती फाइल? कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आधी लिंकच्या पलीकडे जातो आणि मग एक पायरी वर चढतो, म्हणून त्याचे उत्तर ‘/डिस्क२/स्कॅन/सूची’. पायथनचे नॉर्मपाथ, गोचे क्लीन आणि नोडचे नॉर्मलाइझ डिस्ककडे न पाहता केवळ अक्षरे खोडतात, म्हणून त्यांचे उत्तर ‘/सेवा/सूची’. शेलमध्ये त्या डिरेक्टरीत शिरून सीडीने एक पायरी मागे आलो तर आपण ‘/सेवा’मध्ये येतो, पण त्याच जागेवरून एलएसला दोन टिंबे दिली तर तो ‘/डिस्क२/स्कॅन’मधील यादी दाखवतो. पायथनच्या पाथलिबने दोन टिंबे आपणहून खोडण्याचे टाळले आहे ते याच कारणाने, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. जिथे जिथे दोन टिंबे आणि सिमलिंक एकत्र येतात, तिथे अक्षरे खोडणारे फंक्शन काढून प्रत्यक्ष पाथ शोधणारे फंक्शन घालावे. मात्र पायथनचे रियलपाथ फाइल अस्तित्वात नसली तरी उत्तर देते, आणि ३.१० पासून स्ट्रिक्ट मागितले तरच चूक दाखवते. जावाचे टूरियलपाथ आणि रस्टचे कॅननिकलाइझ मात्र मुळातच नकार देतात. लिनक्स एका पाथमध्ये जास्तीत जास्त ४० सिमलिंक ओलांडतो, त्यामुळे स्वतःकडेच परत येणारी लिंक अनंत काळ फिरत न राहता चूक होऊन थांबते.

प्रत उतरवताना साधन सिमलिंकचे काय करते हे आधी छोट्या फोल्डरवर करून पाहावे. आरसिंक आर्काइव्ह पद्धतीने चालवले तर लिंक लिंक म्हणूनच जाते; झिप वेगळे सांगितल्याशिवाय लिंकऐवजी मूळ मजकूर भरते; पायथनचे कॉपीट्री सांगितले नाही तर तेच करते, आणि मग एकाच स्कॅनच्या दोन प्रती नव्या डिस्कवर जागा अडवून बसतात.

‘सध्याची’ आवृत्ती दाखवणारी लिंक बदलण्याची कमांड आधीच लिहून ठेवावी, आयत्या वेळी टाइप करू नये. मागील एका स्थलांतरात, दुसऱ्या एका संस्थेसाठी, मी लिंक बनवणाऱ्या एलएन कमांडला फक्त एस आणि एफ हे पर्याय दिले. जुनी लिंक डिरेक्टरीकडे जाणारी होती, म्हणून नवी लिंक तिच्या जागी न बसता जुन्या डिरेक्टरीच्या आत जाऊन पडली. कोणतीही चूक दिसली नाही आणि संकेतस्थळ सकाळपर्यंत जुनीच पाने दाखवत राहिले. सोबत एन द्यावा लागतो. तसेच पीएचपी शोधलेले पाथ मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद लक्षात ठेवते, म्हणून लिंक बदलताच जुने पान दिसले तर घाईने दुसरे काही बदलू नये.

मराठी नावांच्या फाइलींसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. लिनक्सवरील नेहमीच्या फाइल सिस्टममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरांची नव्हे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मात्रा आणि हलन्तही त्यात आलेच. ‘वार्षिक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्यात सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. अशी ८५ चिन्हे झाली की नाव संपले. विंडोजची एनटीएफएस याच ठिकाणी २५५ यूटीएफ-१६ एकके मोजते, त्यामुळे तिथे सुखाने राहिलेले लांबलचक नाव लिनक्सवर उतरतच नाही. अशी नावे आधी शोधून लहान करावीत.

याहून अवघड गोष्ट ‘ऱ्य’ची आहे. ‘उताऱ्याची प्रत’ या नावातील ते जोडाक्षर एकाच कोडच्या ऱ-ने लिहिता येते, साधा र आणि नुक्ता (खालचे टिंब) असे दोन कोड देऊन लिहिता येते, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालूनही लिहिता येते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण लिनक्स फक्त बाइट पाहतो, म्हणून त्याच्या लेखी त्या तीन वेगळ्या फाइली आहेत. युनिकोडचे एनएफसी रूप पहिल्या दोहोंना एक करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही, ते आपल्याला स्वतःच बदलून घ्यावे लागते. डेटाबेसमधील नावे आणि डिस्कवरील नावे एकाच रूपात आणल्याशिवाय स्थलांतर सुरू करू नये.

परमिशनबाबत फक्त शेवटची फाइल पाहून थांबू नये. पाथमधील प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स (आत शिरण्याची) परवानगी असावी लागते, आणि वरची एक जरी बंद असली तरी खालची ६४४ (सर्वांना वाचता येणारी) असलेली फाइल वाचता येत नाही. उबंटूमध्ये २१.०४ पासून नव्या होम डिरेक्टरीची परमिशन ७५० (इतर युजरना बंद) असते, म्हणून जुन्या सर्व्हरवर होममध्ये ठेवलेली पाने वेब सर्व्हरला नव्या ठिकाणी दिसणार नाहीत. ती तिथून हलवावीत. लिंकवर दिसणारी सर्वांना मोकळी परमिशन भुलवणारी असते, कारण लिनक्सवर वाचण्या-लिहिण्यासाठी लिंकच्या पलीकडील फाइलचीच परमिशन मोजली जाते. फाइल पुसता येणे हे त्या फाइलवर नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या लिहिण्याच्या परवानगीवर ठरते. डिस्क काढून जशीच्या तशी नव्या यंत्राला जोडणार असाल, तर तिच्यावर मालकाचे नाव नसून केवळ आकडा लिहिलेला असतो हे ध्यानात ठेवावे, आणि दोन्ही यंत्रांवरील युजरचे आकडे शेजारी मांडून पाहावेत.

स्क्रिप्टमध्ये परमिशन देणाऱ्या ओळी डोळ्यांनी वाचाव्यात. हे आकडे अष्टमान पद्धतीचे असतात. पायथनमध्ये शून्य-ओ न लावता नुसते ६४४ लिहिले तर ती दशमान संख्या ठरते, तिचे अष्टमान रूप १२०४ होते, आणि मालकाला स्वतःची फाइल लिहिता येते पण वाचता येत नाही.

‘परवानगी आहे का’ असे आधी विचारून नंतर फाइल उघडणारा कोड आढळला, तर तो बदलावा, कारण त्या दोन क्षणांच्या मध्ये कोणी तिथे लिंक बदलून ठेवू शकते. थेट उघडावी आणि नकार आला तर तो हाताळावा. वाचकांनी पाठवलेले टार (अनेक फाइली एकत्र बांधलेले) संच उघडण्यासाठी पायथनमध्ये धोकादायक फाइली अडवणारा डेटा हा फिल्टर स्पष्ट लिहावा, ३.१४ पासून तोच मूळ वागणूक झाला आहे, पण आपल्या सर्व्हरवरील आवृत्ती जुनी असू शकते. गोमध्ये १.२४ पासून मिळणारे ओएस रूट ठरवलेल्या डिरेक्टरीबाहेर जाऊ देत नाही.

रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक शनिवारीच पाहून, नव्या यंत्राजवळ कोण बसणार हे ठरवावे. तो माणूस रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून काहीही तपासणार नाही, कारण रूटला जवळजवळ सगळेच उघडते. प्रत्येक स्क्रिप्ट ती ज्या युजरने चालते त्याच युजरने, क्रॉनमार्फत, एकदा चालवून पाहावी. त्यानंतर तुटलेल्या लिंकची यादी काढावी, ती जुन्या यादीशी ताडावी, आणि नवी तुटलेली एकही लिंक उरली नसेल तेव्हाच जुना सर्व्हर बंद करावा.