दिवाळीनंतरच्या नागपुरात नाटक, गाणे आणि मेळे कसे गाठावेत

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडल्या, की नागपूरचा सांस्कृतिक हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही झळा लागणाऱ्या या शहरात मोकळ्या मैदानावर निवांत बसून काही पाहायचे असेल, तर ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात शक्य होते. त्यामुळे स्पर्धा, महोत्सव आणि मेळे या काही महिन्यांत दाटीवाटीने येतात. त्यांपैकी अनेकांना प्रवेश विनामूल्य किंवा नाममात्र तिकिटात असल्याने अडचण पैशांची नसते, निवडीची असते. निवड करताना एकच कसोटी लावावी, असे मी सुचवेन: जे पुन्हा किंवा अन्यत्र पाहायला मिळणार नाही, त्याला पहिली पसंती द्यावी.

या कसोटीवर सर्वांत वरचा क्रमांक हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेचा लागतो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या या स्पर्धेची नागपूर केंद्रावरील प्राथमिक फेरी साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होते आणि अनेकदा लक्ष्मीनगरातील आठ रस्ता चौकाजवळच्या सायंटिफिक सभागृहात होते. नोकरी, शिक्षण, दुकान सांभाळून महिनोन्‌महिने तालीम केलेल्या संस्था येथे रोज संध्याकाळी एकेक नाटक सादर करतात, आणि त्यांपैकी कित्येक नाटकांचा तो पहिला आणि शेवटचा प्रयोग ठरतो. वेळापत्रक जाहीर होताच ते हाताशी ठेवावे आणि स्थानिक लेखकाची नवी संहिता असलेले किमान एक नाटक निवडावे. एखादा प्रयोग फसतोही. परंतु फसलेल्या हौशी प्रयोगातसुद्धा एखादा नट असा निघतो, की त्याच्यासाठी दोन तास सार्थकी लागतात. परीक्षक समोर बसलेले असतात आणि वेळेचे बंधन असते, म्हणून पडदा उघडण्यापूर्वी आसनावर बसावे, भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि मध्यंतरानंतर उठून जाऊ नये.

याउलट टोकाला खासदार सांस्कृतिक महोत्सव आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने २०१७पासून सुरू झालेला हा महोत्सव हनुमाननगर भागातील ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर भरतो आणि देशातील नामवंत गायक-वादक तेथे येतात. प्रवेश विनामूल्य असला तरी गर्दी प्रचंड असते, म्हणून प्रवेशिका कोठे मिळणार हे वर्तमानपत्रांतून आधीच पाहून ठेवावे. चित्रपटगीतांच्या रात्रीपेक्षा शास्त्रीय गायनाची किंवा नृत्यनाट्याची संध्याकाळ निवडल्यास जागाही बरी मिळते आणि ऐकणेही नीट होते. मोकळ्या जागेतील ध्वनिक्षेपकांना एरवी रात्री दहाची मर्यादा आहे, त्यामुळे मैदानी कार्यक्रम सहसा लवकर सुरू होतात. दुकान आवरून आठ वाजता जाऊ, असा बेत करू नये.

डिसेंबरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. १९५३च्या नागपूर करारामुळे चालत आलेल्या या अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स परिसरात मोर्चे आणि बंदोबस्त असतो, रस्ते वळवले जातात, आणि डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह व दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र ही दोन्ही ठिकाणे नेमकी याच भागात आहेत. अशा वेळी चारचाकी घरी ठेवून मेट्रोने झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्क स्थानक गाठावे आणि पुढे ऑटोने किंवा पायी जावे. परतीची शेवटची गाडी मात्र आधी पाहून ठेवावी, कारण रंगलेली मैफल मेट्रोसाठी थांबत नाही.

सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हिवाळ्यात भरणारा ऑरेंज सिटी शिल्प मेळा खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे शक्यतो कामाच्या दिवशी, दुपार कलताना जावे. कारागिरांशी बोलायला तेव्हाच सवड मिळते, आणि त्यांनी स्वतः घडवलेल्या वस्तूचा भाव फार ताणू नये. संध्याकाळची लोकनृत्ये पाहूनच निघावे. साहित्यात रस असलेल्यांनी सीताबर्डीतील झाशी राणी चौकाजवळच्या विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांकडेही लक्ष ठेवावे. १४ जानेवारी १९२३ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेचा वर्धापनदिन संक्रांतीच्या सुमारासच येतो.

एवढे झाल्यावर एक शनिवार शहराबाहेर काढावा, तो झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्याच्या, नाटकासाठी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावांमध्ये भाऊबीजेच्या आसपास मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते आणि त्यासोबत सुरू झालेला नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. बहुतेक नाट्यमंडळांचा मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे असतो. आज कोणत्या गावात कोणते नाटक आहे, हे वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या चौकांतील फलकांवरून सहज कळते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कौटुंबिक कथानक, वाद्यवृंदाच्या साथीने रंगमंचावरच गायली जाणारी पदे, मध्येच विनोद आणि लावणी, असा तो ऐवज असतो. शहरी प्रेक्षकाला तो कधी भडक वाटतो, पण तंबूत बसलेल्या शेकडो माणसांची दाद ऐकली की मोजपट्टी आपोआप बदलते. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यापासून नागपुरातही या रंगभूमीविषयी कुतूहल वाढले आहे.

जाण्यासाठी गणेशपेठ बसस्थानकावरून उमरेड, भिवापूर, नागभीडमार्गे ब्रह्मपुरी-वडशाकडे जाणारी एस.टी. घ्यावी. दुपारी झोप काढून, घोंगडी किंवा जाड शाल आणि कानटोपी सोबत घेऊन निघावे, कारण तंबूतील गारठा पहाटे तीननंतर असह्य होतो. स्वतःचे वाहन असेल, तर नाटक अर्धवट सोडून रात्रीच परतण्याचा मोह टाळावा. वाटेत जंगलाचा पट्टा आहे, जनावरे रस्त्यावर येतात आणि काही ठिकाणी धुकेही असते. नाटक संपेपर्यंत उजाडायला आलेलेच असते, तेव्हा चहा घेऊन मगच गाडी काढावी.