बॅरोरिफ्लेक्स समजायला कागदावर दोन वजाची चिन्हं काढावी लागली

पहिल्या टर्मिनलच्या वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी विचारलं, "बीपी वाढलं की बॅरोरिसेप्टर काय करतात?"

"फायरिंग वाढवतात."

"मग फायरिंग वाढल्यावर बीपी उतरतं कसं?"

इथे मी अडकले. बॅरोरिसेप्टर म्हणजे धमन्यांच्या भिंतीतले रक्तदाब टिपणारे संवेदक, फायरिंग म्हणजे चेतापेशींनी पाठवलेले संदेश, आणि बीपी आपोआप सावरणारी ही यंत्रणा म्हणजे बॅरोरिफ्लेक्स. 'मेडुलातलं व्हॅसोमोटर सेंटर रक्तदाब नियंत्रित करतं' हे पाठ केलेलं वाक्य मी दोनदा म्हटलं. (मेडुला म्हणजे मेंदूच्या बुडाशी, मज्जारज्जूच्या लगेच वर असलेला भाग.) मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला, "काढून दाखव." काढता आलं नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून एमबीबीएसला आलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींची इथेच दमछाक होते, म्हणून हे लिहितेय.

'सेंटर' म्हटलं की एक साहेब बसलाय आणि हुकूम सोडतोय असं वाटतं. तसं काही नाही. चेतापेशींचे छोटे छोटे गट आहेत आणि ते एकमेकांना चेतवतात किंवा दाबतात. डिसेक्शन हॉलमध्ये मेडुला हातात घ्याल तेव्हा नीट बघा. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबी. ऑलिव्ह नावाच्या उंचवट्याच्या मागच्या खाचेवर, वरच्या बाजूला बोट ठेवा. त्याच्या आत, पृष्ठभागापासून अगदी जवळ, आरव्हीएलएम म्हणजे रोस्ट्रल व्हेंट्रोलॅटरल मेडुला आहे. मी तिथे बोट ठेवून बराच वेळ उभी होते. तुम्हीही राहा, घाई करू नका.

पुस्तक गळ्यातल्या रिसेप्टरपासून सुरू होतं. माझा सल्ला, तुम्ही आरव्हीएलएमपासून सुरू करा. इथल्या पेशी आपण शांत पडलेलो असतानाही सतत फायर करत असतात. त्यांचे तंतू मज्जारज्जूत उतरतात, तिथल्या सिम्पथेटिक (वाहिन्या आवळणाऱ्या चेतासंस्थेच्या) पेशींना चेतवतात आणि रक्तवाहिन्या कायम थोड्या आवळलेल्या राहतात. हाच व्हॅसोमोटर टोन. म्हणजे दोर आधीपासूनच ताणलेला आहे. बीपी उतरवायला वेगळा हुकूम लागत नाही, दोर सैल सोडला तरी पुरतं.

आता उलटं वर या. बीपी वाढलं, कॅरोटिड सायनस (गळ्यातल्या धमनीचा फुगीर भाग) आणि महाधमनीच्या कमानीची भिंत ताणली, नवव्या आणि दहाव्या क्रेनियल नर्व्हमधून संदेश एनटीएसमध्ये, म्हणजे मेडुलातल्याच न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या पेशीगटात, पोचला. एनटीएस ग्लुटामेट सोडून सीव्हीएलएमला (कॉडल व्हेंट्रोलॅटरल मेडुला, आरव्हीएलएमच्या खालचा गट) चेतवतं, तिथे अधिकचं चिन्ह काढा. सीव्हीएलएम गाबा सोडून आरव्हीएलएमला दाबतं, तिथे वजा. आरव्हीएलएम दबलं की सिम्पथेटिक मंदावतं, वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. म्हणजे फायरिंगपासून बीपीपर्यंतच्या वाटेवर वजा एकच आहे. पण बीपी घसरतं तेव्हा रिसेप्टरचं फायरिंगच कमी होतं, तो दुसरा वजा. मग सीव्हीएलएम गप्प होतं, आरव्हीएलएमवरचा दाब निघतो आणि बीपी परत चढतं. वजा गुणिले वजा अधिक, हे आपण सातवी-आठवीतच शिकलोय.

एनटीएसमधूनच दुसरी वाट न्यूक्लियस अँबिग्युअस या मेडुलातल्या गटाकडे आणि तिथून व्हेगसने (हीच दहावी क्रेनियल नर्व्ह, ती ठोके मंदावते) हृदयाकडे जाते. ही वाट फार चपळ, एक-दोन ठोक्यांत परिणाम दिसतो. वाहिन्यांना मात्र काही सेकंद लागतात.

हा फरक प्रॅक्टिकलमध्ये डोळ्यांनी दिसतो. 'लाईंग टू स्टँडिंग'ला माझी पार्टनर दहा मिनिटं आडवी होती, ११८/७६. ती उभी राहिली, मी कफ फुगवला, उतरवला, ११६/८०. मला वाटलं, काहीच घडलं नाही. पण उभं राहताच अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांकडे उतरतं, आणि खरी घसरण आपण कफ उतरवेपर्यंत होऊन सावरलेलीही असते. म्हणून ईसीजीची पट्टी घ्या आणि उभं राहिल्यापासूनचे ठोके पेनने मोजत जा. पंधराव्याच्या आसपास आर-आर अंतर (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं) सगळ्यांत कमी, कारण व्हेगसने हात काढून घेतलाय. तिसाव्याच्या आसपास ते सगळ्यांत जास्त, कारण बीपी सावरलं आणि व्हेगस परतला. तिच्या पट्टीवर मी ही दोन अंतरं फूटपट्टीने मोजली, तेव्हा मला मेडुला काम करताना पहिल्यांदा दिसली. प्रॅक्टिकल उरकून जर्नल भरायच्या नादात ही पट्टी घालवू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. हे वर्तुळ मिनिटा-मिनिटाच्या चढउतारासाठी आहे. बीपी चढलेलंच राहिलं तर एक-दोन दिवसांत रिसेप्टर त्यालाच नेहमीचं मानू लागतात. दीर्घकाळचा हिशेब मुख्यतः मूत्रपिंडाकडे, तो धडा वेगळा.

प्रीलिमला पुन्हा त्याच मॅडम. कागद मी स्वतःच मागून घेतला. चित्र झाल्यावर त्यांनी सीव्हीएलएमवर फुली मारली, "हे बंद पाडलं तर?" बीपी चढेल, आरव्हीएलएमला दाबणारं कोणी उरलं नाही. मग आरव्हीएलएमवर फुली. बीपी कोसळेल, मानेत मज्जारज्जू कापल्यासारखं. १९७४ मध्ये गर्टझेनस्टाईन आणि सिल्व्हर यांनी मांजरांच्या मेडुलाच्या पुढच्या पृष्ठभागावर दोन्ही बाजूंना ग्लायसीन (चेतापेशींना दाबणारं रसायन) लावलं, तेव्हा नेमकं हेच झालं होतं. हेही सांगितलं. मॅडमनी तो कागद घडी घालून माझ्या जर्नलमध्ये ठेवला.