पीसीबी सॉफ्टवेअर निवडताना: मर्यादा आधी मोजा, लायब्ररी आपली ठेवा

सर्किट कागदावर उतरलं की लगेच पीसीबी, म्हणजे पार्ट्स बसवायचा छापील बोर्ड, आखायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला धावू नका. बोर्ड साधारण केवढा होईल, तांब्याचे थर किती लागतील आणि सगळ्या पार्ट्सच्या मिळून पिना किती, हे आधी लिहून काढा. फुकट आवृत्त्या नेमक्या इथेच अडवतात. ईगल या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती ८० चौरस सेंटिमीटरपर्यंतचा बोर्ड, दोन थर आणि स्किमॅटिकची, म्हणजे सर्किटच्या आकृतीची, दोन पानं देते. डिपट्रेस हे दुसरं सॉफ्टवेअर मात्र पिना मोजतं, फुकटात ३००. चाळीस पिनांच्या चार-पाच आयसी आणि थोडे कनेक्टर लावले की हा आकडा जवळ आलाच.

किकॅडला असं कुंपण नाही, थरही ३२ पर्यंत घेता येतात. जाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरला पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेचाही हातभार लागला. नवशिक्याने सरळ यावरच हात बसवावा, असं माझं मत. ईगलमधली जुनी कामं असतील तर तीही 'फाइल' मेनूतल्या 'इम्पोर्ट'ने आत घ्या. ईगल बंद करण्यासाठी त्याची मालक कंपनी ऑटोडेस्कने ७ जून २०२६ ही तारीख जाहीर केली होती, त्यामुळे हे काम लांबवू नका.

आता लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमधला पार्ट्सचा संग्रह. खरा वेळ इथे जातो.

किकॅडच्या सिम्बॉल एडिटरमध्ये, म्हणजे पार्ट्सची चिन्हं काढायच्या खिडकीत, नवी लायब्ररी काढा. 'ग्लोबल' की 'प्रोजेक्ट' असं विचारलं की 'प्रोजेक्ट' निवडा. प्रोजेक्टचं फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेलं तरी पार्ट्स सोबत जातात. फूटप्रिंटसाठीही, म्हणजे पार्टच्या बोर्डावरच्या जागेच्या आराखड्यासाठीही, तसंच करा. तयार लायब्ररीतून लागतील तेवढेच पार्ट्स इथे कॉपी करा.

मग प्रत्येक पार्टच्या पिना डेटाशीटशी, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाशी, ताडून पाहा. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला जुळी भावंडं, पण सपाट बाजू समोर धरली तर पहिल्यात डावीकडे कलेक्टर असतो, दुसऱ्यात एमिटर. एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणाऱ्या, रेझिस्टरमध्येही गंमत आहे: मेट्रिक ०६०३ म्हणजे इंचातला ०२०१, धुळीच्या कणाएवढा! फूटप्रिंटच्या नावात दोन्ही आकडे असतात, ते वाचा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे आणलेले रिले, प्रीसेट, स्विच यांची डेटाशीट बहुधा मिळत नाही. त्यांच्या पायांमधलं अंतर आणि पायांची जाडी व्हर्नियरने मोजा. १एन४००७ डायोडचा पाय साधारण ०.८ मिलिमीटर, त्याला १ मिलिमीटरचं भोक द्या. शेवटी बोर्ड कागदावर एकास एक प्रमाणात छापा, थर्माकोलवर ठेवा आणि पार्ट्स खोचून पाहा. प्रिंटरच्या सेटिंगमधलं 'फिट टू पेज' तेवढं बंद करा.