पायथनला प्रोटोटाइप कसे जोडायचे, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसचं उदाहरण घेऊन

क्लास (ऑब्जेक्टचा साचा) नको, एका ऑब्जेक्टवरून सरळ दुसरा ऑब्जेक्ट काढायचा, पहिला हा दुसऱ्याचा प्रोटोटाइप, ही कल्पना सेल्फ या प्रोग्रामिंग भाषेतली, डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांची, आणि 1995 साली जावास्क्रिप्टने तीच उचलली. पायथनमध्ये ही सोय आयती मिळत नाही पण थोड्या ओळींत जोडता येते, आणि गोव्यात कॉलेजला पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा हे हाताने करून बघावंच.

आधी वस्तू नावाचा एकच क्लास लिहा (पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात). इनिटमध्ये (__init__) पालक, म्हणजे ज्यावरून हा ऑब्जेक्ट काढला तो, आणि त्याची स्वतःची मूल्यं ठेवायला स्लॉट नावाची रिकामी डिक्शनरी, ही दोन्ही थेट self.__dict__ मध्ये टाका, कारण सेटॲट्र (__setattr__, मूल्य देताना चालणारी मेथड) आपण असं लिहिणार की बाकी सगळं स्लॉटमध्येच जाईल.

मग गेटॲट्र (__getattr__). नेहमीच्या जागी नाव सापडलं नाही तरच पायथन याला बोलावतो. आधी स्वतःचे स्लॉट बघा, मग पालकाचे, मग त्याच्या पालकाचे, कुठेच नसेल तर ॲट्रिब्यूटएरर. दोन अंडरस्कोरने सुरू होणारी नावं मात्र पहिल्याच ओळीत नाकारा, नाहीतर कॉपी मॉड्यूल स्लॉट तयार व्हायच्या आधीच असलं नाव मागतं आणि गेटॲट्र स्वतःलाच बोलावत बसतं.

आता खरी मेख. सापडलं ते फंक्शन असेल तर टाइप्स मॉड्यूलमधल्या मेथडटाइपने ते बांधून परत द्या, पण ज्याच्याकडे सापडलं त्याच्याशी नाही, ज्याला विचारलं त्याच्याशी. समजा बस या ऑब्जेक्टमध्ये कुठे म्हणजे म्हापसा, आणि पाटी हे फंक्शन self चं, म्हणजे ज्याच्याशी बांधलं त्या ऑब्जेक्टचं, कुठे वाचतं. त्यावरून मडगावबस काढली, तिचं कुठे मडगाव केलं, पाटी तशीच पालकाकडे राहिली. चुकून पालकाशी बांधलंत तर मडगावच्या गाडीवर म्हापशाची पाटी लागणार!

लिस्ट असेल तर जास्त जपा. थांबे पालकाकडे असताना मडगावबसच्या थांब्यांत कुठ्ठाळी अपेंड केलंत की म्हापशाची बससुद्धा कुठ्ठाळीला थांबायला लागते, लिस्ट एकच आहे ना. अधिक-बरोबर (+=) वापरूनही सुटका नाही, ते आधी तीच लिस्ट बदलतं आणि मग स्लॉटमध्ये टाकतं. म्हणून साधी बेरीज करून नवी लिस्ट द्या.

लेन (len, लांबी), बेरीज, तुलना यांच्यासाठी पायथन ऑब्जेक्टकडे बघतच नाही, थेट क्लासकडे जातो, त्यामुळे त्या मेथड वस्तू क्लासमध्येच लिहा आणि आतून लांबीसारखा एखादा स्लॉट बोलवा.